मधली वाट

कुरुंदवाडची यष्टी काही येत नव्हती. रांगेत माझ्यापुढं एक म्हातारा हमाल बोचकं घेऊन उभा. रस्त्यानं जाणारा एक लॉरी ड्रायव्हर त्याला बघून थांबला.

"मीरासाबभाई, आज वखारीत गेला न्हायसा? मी साखर घेऊन आलोय की!"

"वखार सोडली, नरसूदादा. गावाकडं निघालोय."

"मालकानं काढलं?"

"मला न्हाय. माझ्या तिन्ही जोडीदारांना काढलं."

"का वो?"

"तुमीच सांगितलासा न्हवं मालकाला? मीरासाब एकटा चौघांचं काम करतोय म्हणून."

"अवो, ते कौतुक हुतं! मालकानं तुमची कदर करावी म्हणून बोललो."

"केली की. म्हणाला, तू एकटा बास हाईस."

"मग तुमी तरी ऱ्हायाचं!"

"लॉरीवरनं माझ्या पाठीवर पोतं कोण द्यायचा? बंडू. वखारीत ते उतरून घेऊन थप्पीला कोण लावायचं? ते दोघं. मी मधली वाट तेवढी चालायचो. तुमी झाडाखाली बिडी वडत बसायचासा. तुमाला चालणाराच दिसला."

"आत्ताच्या आत्ता जाऊन सांगतो मालकाला."

"मी सांगून बघितलं. म्हणाला, ड्रायव्हर कशाला खोटं बोलंल?"

यष्टी लागली. रांग हलली.

"द्या ते बोचकं, टपावर चढवतो."

"ऱ्हाऊ द्या, नरसूदादा. एवढं एकट्याला झेपतंय."