सरकारांच्या मागचं वठलेलं झाड

मंडळी, आज जे सांगणार आहे ना, त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही! पण आधी एक सवाल. बरं झालं शेजाऱ्याचं आणि पोट दुखलं आपलं, तर औषध कुणी घ्यायचं? हसू नका! पुढच्या रांगेनं तर मुळीच नाही!

निंबसर संस्थानात सखोजी नावाचा दरबारी चितारी. सरकारांची एक तसबीर काढायला पाऊण वर्ष! नुसत्या मिशीत श्रावण गेला! आणि एके दिवशी उगवला अनाजी फोटोवाला. तिपाई, पेटी, काळं फडकं. फडक्यात डोकं घातलं, बाहेर काढलं — झाली तसबीर! तोंडातला विडा रंगायच्या आत!

सखोजीचा नुसता जळफळाट! बायकोला म्हणतो, "अगं, तलवारीवर हात ठेवून बसवायची रीत माझी! खिडकीचा उजेड एका गालावर घ्यायचा, तोही माझाच! सगळं माझ्या चित्रांतून उचललं, आणि वाहवा त्या पेटीची!"

"मग तुम्हीही घ्या की पेटी!"

भरल्या ताटावरून उठला हो!

आता फोटोमागं रंगवलेला पडदा लागतो — खांब, बाग, कारंजं. तो रंगवायचा हुकूम कुणाला? सखोजीलाच! त्यानं काय करावं? बागेत एक वठलेलं झाड काढलं. नुसतं पाहिलं तर झाड. पण सरकार खुर्चीत बसले, की दोन वाकड्या फांद्या बरोबर डोक्यावर — शिंगं! फोटोत शिंगं दिसली, की अनाजीला संस्थानाबाहेर हाकललंच! त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या पठ्ठ्यानं!

सरकार येऊन बसले. अनाजी फडक्याखाली शिरला — आत सगळं उलटं दिसतं बरं का, पाय वर, डोकं खाली! बराच वेळ बाहेरच येईना. आला तो हात जोडून. "सरकार, पडदा फार सुरेख झालाय. चितारीदादांनाही फोटोत घेऊ या. आपण जरा डावीकडे सरकावं."

"अलबत! सखोजीला खुर्ची आणा!"

सरकारांच्या शेजारी खुर्ची! जन्मात मिळाला नव्हता असा मान! पण मांडली कुठं? अहो, झाडापुढंच!

"सरकार, मी आपला... उभाच..."

"हलू नका, दादा," अनाजी म्हणाला. "हललात तर तसबीर बिघडेल!"

फोटो तयार झाला. अनाजी तो घेऊन एकटाच सखोजीच्या घरी. सखोजी बघतो तर स्वतःच्याच डोक्यावर शिंगं!

"सरकारांनी अजून पाहिला नाही," अनाजी म्हणाला. "फोटो निघतो काळा-पांढरा, त्यात रंग भरणारे तुम्हीच. बघा काय जमतं." आणि निघून गेला. शिवी नाही, टोमणा नाही! टोमणा मारला असता तर बरं, असं झालं सखोजीला!

डोळे पुसत त्यानं कुंचला उचलला. फांदीफांदीला पालवी काढली, वर मोहोर काढला. शिंगं गेली, आंबा बहरला! सरकार म्हणाले, "शाबास, सखोजी!"

सखोजी म्हणाला, "शाबासकी... अनाजीला द्यावी, सरकार." जड गेलं म्हणायला, पण म्हणाला!

औषध कुणी घेतलं, कळलं? आता तुमचं बोला! भावाच्या नव्या बैलजोडीमागं, जावेच्या पाटल्यांमागं तुम्ही कोणतं झाड रंगवून ठेवलंय? घरी जा, आणि पालवी काढा त्याला!

आणि मंडळी, दोघांनी ही गोष्ट मरेपर्यंत कुणाला सांगितली नाही. सरकारांना नाही, बायकोला नाही, चिटपाखराला नाही! दोघांबरोबरच गेली ती! — काय म्हणता, गोदाक्का? मोठ्यानं बोला, सगळ्यांना ऐकू द्या!

"म्हटलं, मग बुवा, तुम्हाला कुणी सांगितली?"