दोन हान्सेनांचा समेट

आमच्या आण्णाकाकांनी दोन हान्सेनांचा समेट घडवून आणला होता, ते सांगितलं का तुम्हाला? नव्याण्णव साली आमच्या निफाडच्या मळ्यात द्राक्षं बघायला डेन्मार्कहून दोघं वेगवेगळे आले. एक व्यापारी, दुसरा माल तपासणारा. आडनाव दोघांचंही हान्सेन, पण एकमेकांशी अवाक्षर नाही.

आण्णाकाका म्हणाले, "भावकी हाय. बांधावरून वाजलं असंल. यांच्या भांडणात आपला माल राहायचा!" आणि त्यांनी दोघांना एकाच ताटात जेवायला बसवलं.

मी इंग्रजीत कारण सांगितलं, तसा व्यापारी खो खो हसला. "अहो, आम्ही आजच भेटलोय. आमच्याकडे मंत्री हान्सेन, धावपटू हान्सेन, खाटीकही हान्सेन!"

मी ते काकांना सांगितलं. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"ओळखसुद्धा दाखवत नाय. लय जुनं भांडण हाय रे!"