वरच्या दोन खोल्या

पुण्याच्या नव्हे, कन्नड मुलखातल्या शिवाजीनगरच्या बसच्या रांगेत मराठी ऐकू आलं, आणि तीन आठवडे खोली शोधून दमलेल्या पुणेकर शंतनुने कान टवकारले. पुढे आजी-नात उभ्या होत्या.

"अज्जी, त्या केनियाच्या वांजिरूला खोली दे की! रंग बघून चार घरांनी परत पाठवलं तिला."

"उद्याच येऊ दे. माझे सासरे तमिळांना नाही म्हणायचे, तुझे आजोबा उत्तरेकडच्यांना. मी कुणालाच नाही म्हणत नाही."

"आणि दुसरी खोली?"

"कुणालाही. पुणेकर सोडून."

"अज्जी!"

"आमटीसारखा गूळ नाही म्हणून आपल्या सारूला नावं ठेवतात ते!"

"मग तू आणि पणजोबा सारखेच की!"

"सरी, बरं बाई, स्वल्प चुकलं. मुकाट्याने सारू पिणारा पुणेकर दाखव, देते खोली."

"अज्जी, मी दोन वाट्या पितो," शंतनु मागून म्हणाला.

"गुळाशिवाय?"

"गुळाशिवाय," म्हणताना शंतनुने मनोमन आईची क्षमा मागितली.