दुसऱ्या भागातले बाबा

(रेकॉर्डिंगची खोली. काचेच्या आत माईकसमोर ताई, 'टोचू' या कार्टून सिनेमातल्या टोचूला आवाज देणारी. काचेबाहेर यंत्रांपाशी तिचा धाकटा भाऊ, सिनेमाचा दिग्दर्शक बाळ्या, आणि आवाज टिपणारे रेकॉर्डिस्ट काका.)

ताई : नाही म्हणणार मी हे वाक्य. काका, माईक बंद करा.

काका : राहू दे ताई. पाणी घ्या आधी, घसा बसत चाललाय.

बाळ्या : अगं, तीन शब्द आहेत. "बाबा, आत या." एवढं म्हण आणि सुटलीस. दुसरा 'टोचू' संपला तुझ्यापुरता.

ताई : दुसरा 'टोचू' सुरू कुठं झालाय? पहिल्याच्या नावावर नुसता बाजार मांडलायस तू. सकाळपासून मुकाट्यानं बोलतेय मी. शर्यत बोलले. त्या बडबड्या खारीबरोबर दोन गाणी गायले. ढेकराचा विनोदसुद्धा केला. टोचू ढेकर देते का रे? पहिल्या सिनेमात ती एकदा शिंकली होती, एकदाच, तर अख्खं थिएटर श्वास धरून बसलं होतं.

बाळ्या : पेन्सिलीची चित्रं आणि तात्पुरता आवाज लावून मुलांना दाखवलं, तर ती ढेकरालाच सगळ्यात जास्त हसली.

ताई : हसतील की! गुदगुल्या केल्या तरी हसतात मुलं. पहिला बघून काय करायची आठवतंय? आया मला रस्त्यात थांबवून सांगायच्या. घरी गेल्यावर पोरगं काही बोललं नाही, नुसतं जवळ सरकून झोपलं. ते कुठून आणणार तू? ढेकरातून?

बाळ्या : हे बघ, दुसरा भाग मोठा असावा लागतो. पहिल्यात तीन प्राणी, एक बीळ, एक ओढा. तेच पुन्हा दाखवलं तर लोक म्हणतील, शिळं गरम करून वाढलं. निर्मातेही मागं लागलेत.

ताई : मोठा म्हणजे काय? ढीगभर प्राणी, आणि एकालाही घर नाही. नुसते पळताहेत. कुणी कुणाकडं निवांत बघत नाही. आणि ते काटे! काका, तुम्ही पाहिलेत ना टोचूचे नवे काटे?

काका : पाहिले. दात घासायचा ब्रश झालाय पोरीचा.

बाळ्या : काका, तुम्ही पण? टोचूची खेळणी काढायचीत एका कंपनीला. टोकदार खेळणं लहान मुलाच्या हातात कसं देणार? कंपनी म्हणाली मऊ करा, केले.

ताई : अरे, मग सिनेमा कशाबद्दल आहे? साळिंदराच्या पोरीला कुणी जवळ घेत नाही, कारण ती टोचते. एवढीच तर गोष्ट होती! तिची आई तेवढी घ्यायची. आणि सकाळी आईच्या नाकावर ओरखडा. पोरीनं विचारलं तर म्हणायची, "झुडपातून आले गं." त्या एका ओरखड्यावर मोठी माणसं रडली. आता मऊ काट्यांच्या पोरीला कुणीही उचलून घेईल, त्यात कसलं आलंय कौतुक?

बाळ्या : ताई, तुला राग काट्यांचा नाही आलेला.

ताई : काट्यांचाही आलाय. पण बरोबर ओळखलंस. आई कुठंय यात?

बाळ्या : टोचूची?

ताई : नाही, खारीची! अर्थात टोचूची. सकाळपासून वाट बघतेय मी. तिचं एक वाक्य नाही.

बाळ्या : ती... सुरुवातीच्या गाण्यात जाते.

ताई : जाते म्हणजे? बाजारात?

बाळ्या : म्हणजे, नसते मग. पानं गळतात, ऋतू बदलतो, बिळातली तिची जागा रिकामी दिसते. हळुवार केलंय गं. लहान मुलांना तर कळतही नाही.

ताई : वा रे वा! निघून गेलेला बाप परत आणायचा म्हणून आईला एका कडव्यात उरकून टाकलीस. तिकडं आपली आई घरात भाजी निवडत बसलीय, आणि इकडं तू तिला गाण्याच्या तालावर मारलंस!

बाळ्या : आपली आई कुठं आली यात?

ताई : कुठं आली? काका, सांगा याला, पहिल्यात तो आवाज कुणाचा होता.

काका : त्यालाही माहीत आहे, ताई. तुमच्या आईंचा. मीच घेतला होता. तुम्ही विसरलेली घराची किल्ली द्यायला आल्या होत्या त्या. ठरलेल्या बाई आल्या नव्हत्या, म्हणून मी म्हटलं, तात्पुरतं म्हणा दोन वाक्यं, चित्रं काढणाऱ्यांना अंदाज येईल. त्यांनी सिनेमातलं शेवटचं वाक्य म्हटलं, "दार लाव, वारा येतोय." नंतर चांगल्या तीन नट्या आणल्या. एकीलाही तसं जमेना. शेवटी तात्पुरतंच कायम झालं.

ताई : जमेल कसं? तिनं ते खरंच म्हटलं होतं एकदा. बाबा पेट्रोल भरून येतो म्हणून गेले. मी उंबऱ्यात बसले होते. जेवणं गार झाली, रस्त्यावरचे आवाज थांबले. तिनं मला उठवलं नाही, रडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. एवढंच म्हणाली. दार लाव, वारा येतोय. वारा नव्हता, बाळ्या. पान हलत नव्हतं.

बाळ्या : मला हे हजार वेळा सांगितलंयस तू.

ताई : मग हजार वेळा ऐकूनही तू तिला काय म्हणालास ते सांग. "आई, या भागात तुझं काम नाही." असंच ना?

बाळ्या : नीट सांगितलं मी. ती म्हणाली, बरं झालं, गुडघे दुखतात, तुमच्या स्टुडिओचा जिना चढवत नाही.

ताई : आणि तुला ते पटलं! नवा चष्मा करून घेतलाय तिनं महिन्यापूर्वी. वाक्यं वाचता यावीत म्हणून. मला म्हणाली, त्याला सांगू नकोस, हसेल.

बाळ्या : मला माहीत नव्हतं.

ताई : तुला काय माहीत असतं? पहिल्या वेळी निर्माते शेवट बदला म्हणत होते, तेव्हा तूच टेबलावर हात आपटला होतास. "बाप परत येणार नाही, मुलांना खरं सांगू." तो दिग्दर्शक कुठं गेला रे? त्यालाही गाण्यात मारलंस का?

बाळ्या : तेव्हाची गोष्ट वेगळी होती.

ताई : वेगळं काय झालं?

बाळ्या : काका, आधीचं वाक्य लावा. टोचू ज्याला उत्तर देते ते.

काका : आत्ता नको, साहेब.

बाळ्या : लावा म्हटलं ना! तिनं नुसतं कागदावरचं वाचून कसं म्हणायचं? ताई, हेडफोन लाव. समोरचा आवाज ऐक, मग ठरव.

ताई : शंभर आवाज ऐकवलेस तरी... लावा, काका.

काका : लावलं.

ताई : (हेडफोन कानांवर दाबून धरते.)

काका : ताई? ऐकू आलं का?

ताई : पुन्हा लावा.

काका : "टोचू, आलो गं बाई मी. जरा उशीर झाला." एवढंच आहे.

ताई : तुम्ही म्हणून दाखवू नका. लावा पुन्हा.

बाळ्या : ताई, हा तात्पुरता आवाज आहे, अजून पक्का...

ताई : "गं बाई." शब्दाच्या शेवटी ती शिट्टी. पुढच्या दाताच्या फटीतून. बाळ्या, कुणाचा आवाज आहे हा?

बाळ्या : मी सांगणारच होतो.

ताई : कुणाचा आहे?

बाळ्या : त्यांचा.

ताई : कधीपासून?

बाळ्या : वर्ष होईल. मीच शोधलं. ड्रायव्हिंग शिकवतात. एकटेच असतात.

ताई : लोकांना गाडी शिकवतात! गाडी मागं घ्यायला शिकवतात का? स्वतःला तर आली नाही कधी! आणि "जरा उशीर झाला"? जरा? हे वाक्य कुणी लिहिलं? तू?

बाळ्या : नाही. मी लिहिलं होतं "मला माफ कर." त्यांना ते म्हणता येईना. चार वेळा घेतलं. मग ते स्वतःच हे म्हणाले.

ताई : माफ कर म्हणता येईना. बरोबर आहे, जीभ झडली असती! आणि मला मात्र "आत या" म्हणता आलं पाहिजे. केसानं गळा कापलास तू माझा, बाळ्या. परक्यानं केलं असतं तर दोन शिव्या देऊन घरी गेले असते.

बाळ्या : तुझं झालं बोलून? आता माझं ऐक. पहिला सिनेमा तुझा होता. उंबरा तुझा, दार तुझं, वारा तुझा. मी पाळण्यात होतो! तुझ्याकडं तो आवाज आहे, ती शिट्टी आहे, निदान राग तरी आहे. माझ्याकडं काय आहे? मी तुमच्या दोघींच्या आठवणी चित्रात काढल्या, त्यांची बक्षिसं घेतली, आणि प्रत्येक वेळी वाटायचं, मी उसनं आणून वाढतोय. माझ्या वाट्याला पहिला भाग आलाच नाही. दुसऱ्यात तरी बाप येऊ दे की माझा!

ताई : येऊ दे. तुझा आहे, तू आण. घरी ने, जेवायला घाल, पाय चेप. मी आडवी येणार नाही. पण माफ तुला करायचंय ना, मग तुझ्या आवाजात कर. माझ्या तोंडून का?

बाळ्या : कारण टोचू तू आहेस! आणि मला...

ताई : काय?

बाळ्या : मला वाटलं, टोचूनं म्हटलं तर कदाचित तुलाही म्हणता येईल. हळूहळू.

ताई : म्हणजे मला फसवून माझं भलं करणार होतास. आणि आईचं? ती पहिल्या रांगेत बसणार. नवा चष्मा लावून. आधी स्वतःला मरताना बघणार, मग त्यांना आत येताना. आणि दार कोण उघडतंय, तर तिची मुलगी. हे दिसलं नाही तुला? एवढी चित्रं काढतोस, हे एक चित्र डोळ्यांसमोर आलं नाही?

काका : ताई, मला एक सांगायचंय. आधीच सांगायला हवं होतं.

ताई : आता आणखी काय?

काका : बाहेर बसायच्या खोलीत एक स्पीकर आहे. पाहुण्यांना आतलं ऐकू यावं म्हणून. सकाळी मी तो चालू केला, आणि मग तुमचं सुरू झालं, तो बंद करायचा राहिला.

बाळ्या : काका!

काका : चुकलं, साहेब. इतकी वर्षं या खुर्चीत काढली, असं कधी झालं नव्हतं.

ताई : होईना का. बाहेर कोण आहे असं? बाळ्या, तोंड का उतरलं तुझं? बाहेर कोण आहे?

बाळ्या : त्यांचं वाक्य आज पक्कं करायचं होतं. तुझं झाल्यावर. तू गेल्यावर.

ताई : किती ऐकलं त्यांनी?

काका : सगळं.

ताई : पेट्रोल? उंबरा?

काका : सगळंच, ताई.

ताई : छान झालं. पुन्हा सांगायचे कष्ट वाचले. आता एकच विचारते. त्यांनी पहिला भाग पाहिलाय?

बाळ्या : ताई, जाऊ दे ना आता.

ताई : पाहिलाय का?

बाळ्या : नाही. म्हणाले, लहान मुलांचा सिनेमा, मी काय बघायचा. मी गोष्ट सांगितली त्यांना.

ताई : शेवटही?

बाळ्या : सांगितलं, की बाप हरवतो.

ताई : हरवतो? जत्रेत हरवतात पोरं! तो हरवत नाही बाळ्या, तो जातो. चांगला पायांत बळ असताना, रस्ता माहीत असताना जातो. हेसुद्धा सांगवलं नाही तुला? दार बंद होताना ज्यानं बघितलंच नाही, त्याला ते उघडण्यात काय वाटणार? त्याच्या लेखी तर ते उघडंच होतं! म्हणून तर "जरा उशीर".

काका : ताई, टेप अजून फिरतेय. थांबवू?

ताई : थांबवू नका. काका, एक सांगा. या प्रसंगाची चित्रं झालीत?

काका : नुसती पेन्सिलीची. आपल्याकडं आवाज आधी, चित्र मागून. तुम्ही जे म्हणाल तेच टोचूच्या तोंडी बसवावं लागतं.

ताई : तेच विचारायचं होतं. घ्या टेक.

बाळ्या : म्हणतेस?

ताई : म्हणते. तू चित्र काढ.

काका : चालू.

ताई : "दार आई उघडेल. तिला वाटलं तर. तोवर तुम्ही बाहेर थांबा."

बाळ्या : ताई, आई तर गाण्यात गेलीय.

ताई : मग परत आण. तुझ्या सिनेमात गेलेली माणसं येतात ना? ती तर कुठं गेलीही नव्हती. आणि तिचं काम तीच करेल. जिना चढवत नसेल तर खुर्चीत बसवून दोघं मिळून वर आणू. पण बाहेर कोण थांबलंय ते तिला आधी सांगायचं. तू सांगायचंस, आजच, तिच्यासमोर बसून.

बाळ्या : आणि तिनं नाहीच उघडलं तर?

ताई : तर सिनेमा तिथंच संपेल. पहिला तसाच संपला होता. कुणी तिकिटाचे पैसे परत मागितले नव्हते.

बाळ्या : खेळणीवाले मला फाडून खातील.

ताई : खाऊ देत. काटे टोकदार ठेव, म्हणजे घशात अडकतील.

बाळ्या : ...काका, तुमच्या बाजूच्या दाराच्या काचेतून बाहेरची खोली दिसतेय का? ते काय करताहेत?

काका : उभे आहेत. खुर्ची आहे मागं, पण बसत नाहीत.

ताई : राहू देत उभे. त्यांच्याकडचा आवाज थोडा वाढवा, काका. मी अजून एक टेक देते.