एक युरो चाळीसची विचारपूस

...आणि वर ती सल्लागार बाई मलाच विचारते, "यॉरिट, पैशाची भीती वाटते का रे तुला?" आता काय सांगू हिला? पैसे होते हो माझ्याकडे! सरकारी कर्जाचे का असेनात, पण खात्यात चांगले चारशे युरो पडून होते.

तुम्हाला सांगतो, नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन शहरातलं आमचं घर म्हणजे आठ विद्यार्थी आणि एक स्वयंपाकघर. कुणी दूध आणलं की संध्याकाळच्या आत फोनवर मागणी हजर, तुझ्या वाट्याचे चाळीस सेंट, इथे दाबा. दाबलं की संपलं. व्यवहार इतका चोख, की नंतर एकमेकांशी बोलायला काही उरतच नाही. तर सप्टेंबरात वीबेची, म्हणजे वरच्या मजल्यावरचा तो होडी वल्हवणारा, त्याची कॉफीच्या एक युरो चाळीसची मागणी माझ्याकडून राहिली. विसरलो, खरंच. चौथ्या दिवशी त्याचा निरोप, "काय रे यॉरिट, जिवंत आहेस ना? कॉफीचे राहिलेत." जिवंत आहेस ना! गाव सोडून तीन आठवडे झाले होते, आणि हे मला पहिल्यांदा कुणीतरी विचारत होतं. अकरा वेळा वाचलं मी ते... आणि पैसे काही भरले नाहीत.

मग काय, चटकच लागली. घरातल्याच सीत्स्केचे पास्त्याचे दोन युरो थकवले, तर लगेच, "अरे, बरा आहेस ना?" शेजारच्या खोलीतल्या फ्राउक्येचे तीन थकवले, तर तिने दारावर टकटक केली, स्वतः येऊन, आणि दोन मिनिटं हवेबद्दल बोलली. तीन युरोंत! पैसे होते हो माझ्याकडे, पण असं कुठे मिळतं सांगा?

शेवटी घरभर बोभाटा झाला, यॉरिट कफल्लक झालाय. कुणीतरी विद्यापीठातल्या पैशाच्या सल्लागार बाईंचा पत्ता दाराखालून सरकवला. गेलो. निदान समोर बसून कुणी अर्धा तास बोलेल तरी! बाईंनी कागदावर चौकोन काढले, भाडं, जेवण, पुस्तकं, मौजमजा.

"मौजमजेवर किती जातात?"

"काही नाही."

"बाहेर जेवण वगैरे?"

"कुणाबरोबर?"

बाईंनी शून्य लिहिलं आणि माझी पाठ थोपटली. "अरे, शिस्त तर आहे की तुला! फक्त छोटी देणी अंगावर ठेवू नकोस. आत्ता, माझ्यासमोर भर." भरली. फोन तीनदा वाजला, "मिळाले", "मिळाले", "मिळाले". आणि मग अख्खा नोव्हेंबर... एक अक्षर नाही.

म्हणून डोकं लढवलं. आईला फोन करून विचारलं आणि मोठं पातेलंभर वाटाण्याचं घट्ट सूप केलं, सॉसेज घालून. सातही जण आले, वाडगे भरले, "भारी झालंय रे" म्हणाले आणि आपापल्या खोल्यांत गेले, परीक्षा होती ना! असू दे म्हटलं. सातांना मागणी पाठवली, एक युरो पंच्याऐंशी. एक तरी विसरेल की नाही? मग मी लिहिणार, काय रे, जिवंत आहेस ना? तो म्हणणार, राहून गेलं रे, मी म्हणणार, चालतं रे, ये खाली चहाला... दोन कप धुऊनसुद्धा ठेवले होते मी.

माझा वाडगा निवायच्या आत सातही जणांचे पैसे जमा.

तुम्हीच सांगा, एवढ्या मोठ्या घरात एखादा तरी बुडव्या असू नये?