एकोणचाळीस नंबरची हजेरी

हॅलो?… कोण?… अगं जरा मोठ्यानं बोल, काही ऐकू येत नाही… चिमणी? मोजे कारखान्यातली? टाच विणायच्या मशीनवरची?… अगं बये! किती वर्षांनी! आवाज अजून तस्साच, वीतभर.

नाही गं, कसली झोपतेय. समोरच्या शिंप्याचा फॉर्म भरत होते. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण लोकांना वाटतं हजेरी क्लार्क म्हणजे अर्धी वकीलच… हो, फुकट. वर चहाही घरचा. बोल, काय काम काढलंस? तू काही माझ्या गुडघ्यांची चौकशी करायला फोन करणारी नव्हेस.

हं… हं… रडू नकोस, आधी वाच. कागद समोर धर आणि लिहिलंय तेवढंच वाच, तुझी मतं नंतर… ‘जुन्या कामगारांचा भत्ता’… हो, हो… ‘सेवा पंधरा वर्षांपेक्षा कमी, अर्ज नामंजूर.’ किती भरली म्हणतात?… तेरा वर्षं दहा महिने. आणि अपील?… उद्या?… उद्या सकाळी अकराला? पत्र आलं कधी?… तीन आठवडे फ्रिजवर! चुंबक लावून?… शाब्बास. म्हणजे पडायची भीती नव्हती.

ऐकतेय गं. भत्ता नाही मिळाला तर खोली सोडायची… मुलाकडे?… त्यांच्या हॉलमधल्या सोफ्यावर?… सुनेचं नंतर सांग, तिला अख्खी दुपार लागेल. थांब जरा. मला मोजू दे.

चिमणे, कमी किती पडतात? चौदा महिने. चौदाच… आठवलं ना? एकोणचाळीस नंबरचं मशीन!

अगं, मला तो दिवस अजून दिसतो. तुझी ताई बाळंतपणाला घरी बसलेली, मशीन हातचं जाईल म्हणून घाबरलेली. आणि तू तिच्या जागी उभी. अठराची झाल्याशिवाय कार्ड मिळत नव्हतं, म्हणून ताईच्याच कार्डावर. तिचा एप्रन तुझ्या घोट्यापर्यंत. हात पोचेना म्हणून सुताच्या रिकाम्या खोक्यावर चढलेली. मुकादम तीनदा शेजारून गेला आणि तिन्ही वेळा त्याला नेमकी छताची गळती बघायची होती… हो ना! भला माणूस. तोंड तेवढं कडू.

आणि ते बिनजोडीचे मोजे! फुकट वाटायचे, आठवतं? आपल्या अख्ख्या गल्लीत कुणाच्या दोन पायांत एक रंग नव्हता… तुझा एक हिरवा नि एक करडा. लग्नातसुद्धा?… अगं देवा! आणि नवऱ्याला कळलं कधी?… पुरे, पुरे, पोट दुखायला लागलं.

काय?… हो, बरोबर आहे. रजिस्टरात ताईच हजर आहे. माझ्याच अक्षरात. ते रजिस्टरच बघणार ना… अगं ऐक ना! तुझी भाची कधी जन्मली? तारीख सांग… वार?… मंगळवार! नक्की?… मग झालं की! मंगळवारी कारखाना चालू. माझं रजिस्टर म्हणतं, तुझी ताई सकाळी सात ते साडेतीन एकोणचाळीसवर टाचा विणत होती. आणि जन्मदाखला म्हणतो, त्याच दिवशी ती प्रसूतिगृहात. कर्तबगार होती तुझी ताई, पण इतकीही नव्हती गं.

हो, एका दिवसाचंच झालं ते. लशींचं कार्ड आहे का?… भाचीकडे, ताईच्या डब्यात? सगळं जपून ठेवलंय का तिनं? शहाणी आहे, आईवर गेलीय. त्या कार्डावर ताईच्या सह्या असतील, कारखाना चालू असलेल्या दिवसांच्या, सकाळच्या. जितक्या सह्या तितके दिवस ती कारखान्यात नव्हती. उरलेलं मी सांगेन.

मी म्हणजे मीच. लेखी देणार. ‘एकोणचाळीस नंबरवर चौदा महिने धाकटी बहीण कामाला होती, हे माहीत असून मी थोरलीची हजेरी लावली.’ तेरा वर्षं दहा महिने अधिक चौदा महिने… पंधरा. एक दिवस वर नाही, एक दिवस खाली नाही.

… हॅलो? आहेस ना?

माझी पेन्शन? बघतील काय करायचं ते… दंड करतील, नोटीस काढतील… मी काय सांगू? बत्तीस वर्षांत माझ्या रजिस्टरात लाल शाईची एक खाडाखोड नाही. निरोपसमारंभात साहेबांनी हेच सांगितलं आणि मी मान खाली घालून हार घेतला. लोकांना वाटलं, लाजतेय.

राहू दे काय? काही राहू द्यायचं नाही! तू रोज पावणेसातला दारात यायचीस. मी वर न बघता विचारायचे, ‘नाव?’ आणि तू ताईचं सांगायचीस. एका सकाळी झोपेत होतीस, स्वतःचं सांगून बसलीस. मी काय म्हटलं, आठवतं?… हो. ‘ऐकू आलं नाही, परत सांग.’ आणि तू परत सांगितलंस. ताईचं.

ऐकू आलं होतं गं मला.

… बरं, बरं. नाक पूस. भाचीला आत्ता फोन कर, दाखला आणि कार्ड, दोन्ही मूळ प्रती. मी साडेदहाला ऑफिसच्या पायरीवर असेन. आणि उशीर करू नकोस, आता तुझ्या जागी उभं राहायला कुणी नाही.

आणि चिमणे… आत गेल्यावर पहिलं नावच विचारतील. तुझं स्वतःचं सांग. मोठ्यानं. एकदाच सांगायचं, परत विचारलं तरी तेच.

ठेव आता. ठेव म्हणते ना… बरं, मी ठेवते.