लाइट जाणारं गाणं

मला एका जागी बसवत न्हाई म्हणता ना? मंग हे ऐका. जाफराबादच्या सोपानच्या वरातीसाठी मी गाणं करून राह्यलो होतो. कॉम्प्युटरवर आवाज घडवायचं सॉफ्टवेअर असतंय, वेव्हटेबल सिंथ. कोणता घ्यावा हेच ठरंना. एकाचा फुकट डेमो उघडला की वाटायचं, दुसरा जास्त भारी असंल. जरा वाजवायचा, बंद, पुढचा. तिकडून सोपानचा फोनवर फोन, "झालं का?" शेवटी जो डेमो उघडा होता त्यातच तुकड्या-तुकड्यानं अख्खं गाणं बनवलं अन् सलग एकदाबी न ऐकता पाठवून दिलं.

वरात मारुतीपुढं आली, पोरं नाचायला लागली अन् गाणं एकदम गप! पैसे भरून विकत घेईपर्यंत डेमो मधून मधून आवाज बंद करतोय, हे मला कुठून माहीत? सलग तेवढा वेळ वाजवत मी कुठल्याच डेमोपाशी टिकलो नव्हतो.

सोपानचा मामा जनरेटरवाल्यावर धावला, "लाइट का घालवली रे?"

"मामा, लाइट हाय की! बल्ब बघा!"

तेवढ्यात गाणं पुन्हा सुरू. पोरं दुप्पट उड्या मारायला लागली. मंग गाणं थांबलं की सगळे हात वर करून ओरडायचे, "लाइट गेलीऽऽ!"

मी घरी येऊन आधी तोच सिंथ विकत घेतला. सकाळी मामाचा फोन. "आमच्या पोराच्या हळदीला नवं गाणं कर. पण तसंच, लाइट जाणारं."

"मामा, आता लाइट जात न्हाई. पैसे भरले."

"कशाला भरले, येड्या?"